इसब आणि कातडीची शाकारणी

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांत अंघोळ केली की कातडीची दुखणी जातात, ही या भागातली जुनी श्रद्धा. ती उगाच रुजली असं मी म्हणणार नाही, कारण कढत पाण्याने खाज खरोखरच दबते. इसब झालेलं दोन वर्षांचं मूल रात्रभर गुडघ्यांच्या लवणी ओरबाडत असतं. अंगावर कढत पाणी पडलं की ते घटकाभर निवांत होतं. आईला वाटतं, उतार पडला. पण थोड्या वेळाने अंग सुकतं, कातडी ताणते आणि खाज पहिल्याहून जोरात उसळते. मग पुन्हा गरम पाणी. त्यासाठी सवला जायलाही नको, घरोघरच्या मोऱ्यांत बंबाच्या पाण्याने हेच चाललेलं असतं. उष्णता खाजेला काही क्षण गप्प करते, पण त्याच वेळी कातडीतला उरलासुरला तेलकटपणा धुऊन नेते, आणि इसबाच्या कातडीला नेमकी त्याचीच वाण असते.

इसब झालेल्या मुलासाठी घरची माणसं काय करत नाहीत? रात्र रात्र जागतात, तोंडचा घास तोडून मलमं आणतात, दृष्ट काढतात, स्वतःही मुलाबरोबर पथ्य पाळतात. आणि त्यातलं बरंचसं उलटं पडतं. कारण एकच, या माणसांना कुणी समोर बसवून करून दाखवलेलं नसतं. चिठ्ठीवर मलमाचं नाव असतं. ते किती घ्यायचं, कुठे, अंघोळीच्या आधी की नंतर, किती दिवस, बरं वाटल्यावर काय, यातलं काही चिठ्ठीवर मावत नाही. बाहेर बाकावर चाळीस माणसं खोळंबलेली असताना डॉक्टरांच्या तोंडूनही ते येत नाही. मला हा इसबाच्या उपचारातला सगळ्यात मोठा खड्डा वाटतो, औषधांच्या तुटवड्याहूनही मोठा.

आधी रोग समजून घेऊ. निरोगी कातडी म्हणजे चुन्यात बांधलेली भिंत. पेशी हे दगड आणि पेशींमधली चरबी हा चुना. इसब होणाऱ्या मुलाची कातडी म्हणजे कोकणातला गडगा, दगडावर दगड रचलेला पण मध्ये चुना नाही. आतलं पाणी फटींतून उडून जातं. बाहेरचा साबण, घाम, धूळ, जंतू आत शिरतात. शरीर या घुसखोरांवर चवताळतं, तिथे सूज येते आणि खाज सुटते. मूल खाजवतं, तसे गडग्याचे आणखी चार दगड ढळतात आणि फटी रुंदावतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो. हे प्रथिन कातडीचा सगळ्यात वरचा थर बांधून ठेवतं आणि त्यात ओल धरून ठेवतं. प्रत्येक मुलात हा दोष सापडतो असं नाही. पण रोगाची सुरुवात ‘बिघडलेल्या रक्तात’ न शोधता कातडीच्या बांधणीत शोधायची, ही दिशा त्यातून पक्की झाली.

म्हणून ‘पोटुशी असताना तू काय खाल्लंस’ हा प्रश्न सुनेला विचारणं आता थांबायला हवं. मुलाच्या घराण्यात बहुधा कुणाला तरी दमा असतो, कुणाला सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका येतात, कुणाची कातडी लहानपणी अशीच होती. हा पिंड आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि तो कुणाच्या चुकीने येत नाही.

इसब बहुतेक मुलांना पाच वर्षांच्या आत, अनेकांना तर पहिल्या वर्षातच सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या गालांवर आणि कपाळावर, पुढे कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत, मनगटांवर, घोट्यांवर. पुस्तकांतल्या चित्रांत तो लालभडक दिसतो, कारण ती चित्रं गोऱ्या मुलांची असतात. आपल्या सावळ्या मुलांत तो काळपट, राखाडी, जांभळट दिसतो, कधी नुसत्या बारीक खरखरीत पुळ्यांसारखा. लाली दिसली नाही म्हणून सूज नाही असं नसतं. हात फिरवला की जास्त कळतं. मुलांच्या गालांवर उठणारे फिकट, किंचित खवल्यांचे चट्टे हाही बहुतेक वेळा कोरड्या कातडीचा, इसबाच्याच कुळातला सौम्य प्रकार असतो. ते कोड नव्हे, जंतांची खूण नव्हे आणि कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षणही नव्हे. मात्र चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात दाखवावं, तिथे कुष्ठरोगाची तपासणी व्हायला हवी.

महाड-पोलादपूरच्या पावसात इसबाचे दोन तोतये फिरतात, आणि त्यांना ओळखता आलं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. पहिली खरूज. तिची खाज रात्री अंथरुणात वाढते, पुळ्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत असतात, आणि मुख्य म्हणजे घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. तिच्यावर परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं, ज्यांना खाज नाही त्यांनीसुद्धा, आणि आठवड्याने पुन्हा. एकट्या मुलाला लावून काही होत नाही. दुसरा तोतया नायटा, म्हणजे गजकर्ण, बुरशीची लागण. तो गोल पसरतो, कड उठावदार असते आणि मधला भाग निवळत जातो. इसबावरचं, सूज दाबणारं स्टिरॉइड मलम नायट्यावर लावलं तर खाज चार दिवस थांबते आणि बुरशी आत मोकाट वाढते. आज महाराष्ट्रभर हट्टी नायट्याची जी पीडा पसरली आहे, तिला दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या मिश्र मलमांनी मोठा हातभार लावला. एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक, असा हा काला. केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, पण ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढं म्हणून ती हातात पडणं थांबलेलं नाही. मुंबईच्या चाकरमान्याने गणपतीला येताना आणलेली तशीच एक ट्यूब घरात असेल, तर ती मुलाच्या अंगाला लागू देऊ नका.

आता त्या न दाखवलेल्या गोष्टीकडे येतो. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये एक साधं काम झालं, ते २००३ साली प्रसिद्ध झालं. इसब असलेली ५१ मुलं, आणि त्यांच्या आईवडिलांना मलम कसं लावायचं हे समजावून, करून दाखवणारी एक प्रशिक्षित नर्स. त्याआधी असं कुणी दाखवलेलं आठवणारे पालक शंभरात पाचही नव्हते. नर्सने दाखवून दिल्यावर मुलांच्या इसबाची तीव्रता ८९ टक्क्यांनी उतरली. स्टिरॉइडचा एकूण वापर वाढला नाही. वाढला तो साध्या स्निग्ध मलमाचा वापर, तोही कित्येक पटींनी. जर्मनीत तर इसबाच्या ‘शाळा’ निघाल्या. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे पालकांनी बसायचं. त्यांचा अभ्यास २००६ साली छापून आला, आणि एक वर्षानंतरही शाळेत बसलेल्या घरांतली मुलं इतरांपेक्षा बरी होती. कुठलंही नवं औषध न देता.

आपल्याकडे ही शाळा अंगणवाडीच्या ओट्यावर भरू शकते, आणि तिथे आईबरोबर आजीला बोलवायलाच हवं. वाडीवस्तीवर मुलाला न्हाऊ-माखू घालते ती आजी. वडील एमआयडीसीत पाळीवर किंवा मुंबईत, आई लावणीला किंवा कामावर. आजीला न विचारता ठरवलेली गोष्ट त्या घरात चार दिवस टिकत नाही. शिवाय तिच्या हाताला माखायची जी सवय आहे, तीच या रोगात हवी असते.

तर आजी, पाणी कोमट घ्या, कोपर बुडवून पाहिलं तर ना गार ना गरम लागेल असं. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटपा. साबण सौम्य, तोही फक्त काखा, जांघा, हातपाय मळले असतील तिथे. कपडे धुवायची वडी मुलाच्या अंगाला कधीच नको. डाळीचं पीठ, उटणं, घोसाळ्याची जाळी आणि धुरी या चार गोष्टी इसबाच्या मुलाला वर्ज्य. पीठ कातडी घासतं, आणि फुटक्या कातडीतून अन्नपदार्थ आत गेले तर शरीर त्या अन्नाशी वैर धरायला शिकतं असं आता दिसून आलं आहे. तोंडाने पोटात गेलेलं अन्न बहुधा पचतं आणि सोसतं, कातडीतून गेलेलं खटकतं. धुरीचा धूर कातडीलाही झोंबतो आणि छातीलाही.

अंघोळीनंतर अंग रगडून पुसू नका. जुन्या मऊ सुती लुगड्याच्या फडक्याने नुसतं टिपा, थोडी ओल राहू द्या. आणि त्या ओल्या अंगावर, दोन-तीन मिनिटांच्या आत, स्निग्ध मलम लावा. हा क्षण चुकला की अर्धा फायदा गेला. मलमाने कातडीला पाणी मिळत नाही, असलेलं पाणी ते फक्त कोंडून ठेवतं. कोरड्या कातडीवर लावलं तर ते कोंडणार काय? साधी पेट्रोलियम जेली चालते, सुगंध नसलेली. महागड्या बाटल्यांची गरज नाही. खोबरेल तेलही चांगलं, इसबावर त्याचे प्रयोग झालेत आणि त्यांचे निकाल बरे आहेत. ऑलिव्हचं तेल मात्र नको, ते कातडीची बांधणी आणखी ढिली करतं. मोहरीच्या तेलाचंही तेच.

मलम लावायचं किती? इथे सगळ्यांचाच हात आखडतो. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलोपर्यंत स्निग्ध मलम लागू शकतं. पंचवीस ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवणारं घर काटकसरी असेल, पण मुलाची कातडी त्यात कोरडीच राहते. म्हणूनच स्वस्त जेलीचा मोठा डबा घ्यावा. डब्यात बोटं घालू नयेत, स्वच्छ चमच्याने काढावं. केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवावा, चोळू नये. दिवसातून दोनदा, आणि मूल छान असतानाही. कौलं गळायला लागल्यावर कुणी शाकारणी काढत नाही. ती मिरगाच्या आधी, आभाळ कोरडं असताना करायची असते. इसबाच्या कातडीचं तसंच आहे, फक्त ही शाकारणी रोजची आहे. एक इशारा इथेच देतो. अशी मलमं मुरलेले कपडे आणि अंथरुणं आग पटकन धरतात. मलम माखलेल्या मुलाला चुलीजवळ, शेकोटीजवळ, दिव्याजवळ बसवू नका.

स्टिरॉइडचं मलम हा वेगळा विषय. ते सुजलेल्या, खाजणाऱ्या जागीच लावायचं, स्निग्ध मलमासारखं अंगभर नाही. त्याचं माप डॉक्टर लाँग आणि फिनले यांनी १९९१ साली फार सुटसुटीत करून दिलं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी वळी बसते तेवढं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ते मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या, बोटं धरून, जागेला पुरतं. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाचा एक हात पूर्ण भरला असेल तर दीड पेर, एक पाय भरला असेल तर दोन पेरं. आपल्या भाषेत बोटाच्या या भागाला स्वतंत्र शब्द आहे, तेव्हा ‘पेरभर’ हे माप अक्षर न वाचणाऱ्या आजीलाही जन्मात विसरायला होणार नाही.

या मलमाची भीतीही खूप आहे. भीतीने लोक पुसट लावतात, दोन दिवसांत थांबवतात, इसब पुन्हा पेटतो आणि मग ‘या मलमाची सवय लागली’ असं वाटतं. डॉक्टरांनी मुलाच्या वयाला आणि जागेला साजेशी ताकद निवडली असेल, चेहऱ्यावर हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य, आणि सांगितलेल्या दिवसांपुरतं कातडी हाताला गुळगुळीत लागेपर्यंत ते लावलं, तर कातडी पातळ होण्याची भीती फारशी उरत नाही. क्लोबेटासॉलसारखं अतिशय जोरदार मलम महिनोन्महिने मनाने लावलं तर मात्र ती भीती अगदी खरी आहे.

दुसरी भीती जास्त खोल आहे. ‘बाहेरचा इसब दाबला की तो आत जातो आणि दमा होतो.’ असं म्हणणारा माणूस डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत असतो. इसबाच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना पुढे खरोखर दमा किंवा नाकाची ॲलर्जी होते. पण एकामागून एक आलेली दोन दुखणी एकाच पिंडाची असतात, पहिल्यावर लावलेल्या मलमाने दुसरं आलेलं नसतं. ज्या मुलाला कधीच काही लावलं नाही, त्यालाही दमा होतोच. हे शांतपणे, दोनदा-तीनदा सांगावं लागतं. एका बैठकीत ही भीती जात नाही, आणि ती घेऊन बसलेल्या माणसाला अडाणी म्हटलं तर मुळीच जात नाही.

पथ्याबद्दल माझं मत ठाम आहे. वांगं बंद, आंबट बंद, सुकट बंद, अंडं बंद, दूध बंद असं करत करत पोराच्या ताटात भात आणि पातळ वरण उरतं. इसब जातच नाही आणि वजनही घटतं. अन्नाची खरी ॲलर्जी थोड्या मुलांत असते, बहुधा तान्हेपणी सुरू झालेला इसब तीव्र असेल तेव्हा, आणि ती बहुतेक वेळा मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत दिसते. ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात, उलटी होते. तसं काही झालेलं नसेल तर मुलाचं सुकटीचं कालवण तोडू नका. झालं असेल तर डॉक्टरांशी बोलून तो एकच पदार्थ थांबवा.

ऋतूंचं गणित इथल्या लोकांना शिकवायला नको, फक्त जोडून द्यायचं आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या थंडीत टाचा भेगाळतात तेव्हा मुलाचं स्निग्ध मलम वाढवा. घोंगडी ऊबदार खरी, पण लोकर इसबाला टोचते. तिच्याखाली जुन्या लुगड्यांची गोधडी हवी. शिमग्याला रंग खेळायचेच असतील तर आधी अंगभर जेली लावून, लांब बाह्यांच्या सुती कपड्यात. चैत्र-वैशाखात घाम हाच शत्रू, तेव्हा घाम येताच साध्या पाण्याने धुऊन पुन्हा मलम. आणि पावसात, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पडतं, तेव्हा शत्रू दमट कपडे. चुलीच्या वर दोरीवर वाळवलेल्या कपड्यांत धूर आणि ओल दोन्ही राहते. मुलाचे कपडे तरी धुण्याची पावडर निघेपर्यंत खळबळून घ्या आणि वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडमधली घरं चिखलातून धुऊन काढावी लागली होती. अशा वेळी ब्लीचिंग पावडर आणि फिनाइलच्या पाण्यापासून इसबाचं मूल लांब ठेवावं.

खाज फार पेटलेल्या रात्री एक युक्ती डॉक्टरांना विचारून करता येते. मलम लावून त्यावर कोमट पाण्यात पिळलेलं जुन्या धोतराचं फडकं, आणि त्यावर कोरडं फडकं गुंडाळायचं. मुलाची नखं आठवड्यातून दोनदा कापा. झोपेचं सायरप मुलाला गुंगी आणतं, इसब बरा करत नाही. आणि दोन प्रसंगी घरगुती काहीही करत बसू नका. जखमांवर मधासारखी पिवळी खपली धरून पाणी सुटायला लागलं, ताप आला, तर जंतू शिरलेत. आणि एकाएकी एकाच आकाराचे, खड्डा पडल्यासारखे दिसणारे दुखरे फोड पसरले, मूल मलूल झालं, तर ती नागिणीच्या कुळातल्या विषाणूची लागण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हे सगळं दाखवणार कोण? सरकारी यंत्रणेत याची जागा आधीच करून ठेवलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत मुलांचे कातडीचे रोग आहेत, आणि त्यात खरूज, बुरशी यांच्याबरोबर इसबाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. पथक रोग हेरेल. त्यानंतर आशाताईने पंधरा मिनिटं त्या घरच्या मोरीपाशी बसून आजीच्या हातून मलम लावून घेतलं, आणि पंधरा दिवसांनी डब्यात किती उरलंय ते पाहिलं, तर तेवढं पुरेल. डबा भरलेलाच असेल तर मलम लागलेलं नाही, एवढी सोपी परीक्षा.

याच मातीत अशी गोष्ट एकदा घडलेली आहे, म्हणून मी ही आशा धरतो. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी मुलं पाहिली, खाटेशेजारी बसून दंशाची लक्षणं टिपली आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून बघितली. १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गंभीर रुग्णांमधले मृत्यू, जे पूर्वी शंभरात तीस-चाळीस होते, ते एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाची भिस्त यंत्रांवर नव्हती. गोळी होती, ती वेळेत द्यायला शिकलेले गावोगावचे डॉक्टर होते, आणि विंचू चावला की वेळ न दवडता दवाखाना गाठायचा हे उमगलेली घरं होती. इसबाने सहसा जीव जात नाही. जाते ती झोप, मुलाची आणि आईची, वर्षानुवर्षं.

बहुतेक मुलांचा इसब वयात येईपर्यंत खूप निवळतो. कातडीचा पिंड मात्र आयुष्यभर तसाच राहतो, आणि ही गोष्ट पालकांना फार कमी वेळा सांगितली जाते. लहानपणी इसब झालेल्या मुलाच्या हातांना मोठेपणी तो पुन्हा गाठू शकतो, विशेषतः दिवसभर पाणी, साबण, सिमेंट, तेल किंवा रसायनं हाताळावी लागणाऱ्या कामात. महाडच्या एमआयडीसीत तशी कामं पुष्कळ आहेत, आणि गवंडीकामात, भांडी घासण्यात, केस कापण्याच्या दुकानात आणि नर्सिंगमध्येही. दहावीनंतर मुलगा किंवा मुलगी आयटीआयचा फॉर्म भरत असेल तेव्हा ही आठवण काढावी. काम बदलायलाच हवं असं नाही. पण रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे, हात धुतल्यावर लगेच जेली, आणि हत्यारांच्या पिशवीत तिची एक छोटी डबी, एवढी तयारी पहिल्या दिवसापासून असावी.